हलशी की कित्तूर? बेळगावहून एका दिवसाची सहल

दोन्ही गावं बेळगावपासून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. कित्तूर पुणे-बेंगळुरू महामार्गालगत असल्याने धारवाडची एसटी धरली की झालं. हलशीला मात्र खानापूर, नंदगड असं आत जावं लागतं. गाड्या कमी, म्हणून परतीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

तरीही देऊळ पाहायचं असेल तर हलशीच. ही कदंब राजघराण्याच्या काळातली पलाशिका नगरी. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, म्हणून एका देवाला हात जोडताना दुसऱ्याकडे पाठ होते. वराहाने उचललेली भूदेवी नीट बघा. आत अंधार असतो, पुजाऱ्यांना विचारून मगच बॅटरी लावा. बाहेर आल्यावर पायऱ्या-पायऱ्यांचं कदंब शिखर अवश्य न्याहाळा.

कित्तूरला राणी चन्नम्मांच्या वाड्याच्या जाडजूड भिंती आणि वस्तुसंग्रहालय आहे. 23 ऑक्टोबर 1824 ला धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे इथेच राणीच्या सैन्याशी लढताना मारला गेला. त्याच सुमारास उत्सव भरतो, हॉटेलं-दुकानांची कमाई तेव्हाच. हलशीत तसं काही नाही, गाव शेतीवर चालतं. तिथल्या टपरीवर चहा घेतलात तरी चार पैसे गावात राहतात. जेवण खानापुरात उरका.