गुण, साखळी आणि टॅम्प्लीज: अभ्यासाच्या साइटचे आठ महिने

धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवीला गणित शिकवतो. जूनपासून वर्गातली 23 पोरं अभ्यासाच्या एका वेबसाइटवर आहेत. नाव लिहीत नाही, कारण तशाच आणखी तीन-चार मी चाळून बघितल्यात आणि दुखणं सगळीकडं तेच आहे. उदाहरण सुटलं की 10 गुण, दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं की 25, रोज आलात की साखळी वाढते, आणि पहिल्याच पानावर अख्ख्या राज्याची क्रमवारी.

पहिला महिना भारी गेला, खोटं कशाला बोलू. गृहपाठाची वही घरी विसरणारी पोरं रात्री बापाच्या हातातून फोन काढून घ्यायला लागली. एक आई शाळेत आली, "सर, पोरगी रात्री फोनवर काय करायलीय?" अपूर्णांक करायलीय म्हटलं तर तिला पटेना.

ऑगस्टात दोघांचे गुण एकदम चढले. नोंदी उघडल्या. एकानं विचारलेलं, "12 आणि 8 ची बेरीज किती?" दुसऱ्याचं उत्तर, "20". मग पाळी उलटी. असे साठ-सत्तर प्रश्न, सगळे संध्याकाळी सात ते आठमधले. चक्क साटंलोटं! मला तर हसूच आलं. खेळाचा नियम त्यांनी माझ्याआधी नीट वाचला होता. उत्तर टाकलं की 25, मग ते कुणाच्या कामाला आलं का हे विचारायचंच नाही, तर पोरं दुसरं काय करणार? प्रोग्रॅमर लोकांच्या स्टॅक ओव्हरफ्लोवर नुसतं उत्तर लिहून काही मिळत नाही. वाचणाऱ्याला ते आवडलं तर 10, विचारणाऱ्यानं स्वीकारलं तर 15. एवढी साधी गोष्ट.

दुसरी गोष्ट जास्त लागली. वर्गातला एकजण पेपरातली कोडी हौसेनं सोडवायचा. सप्टेंबरात त्याला एक कोडं दिलं तर म्हणतो, "सर, याला गुण किती?" 1973 साली लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी बालवाडीतल्या पोरांवर केलेला प्रयोग आठवला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली पोरं घेतली होती. त्यातल्या ज्यांना बक्षिसाची कबुली आधीच दिली, ती नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडं निम्म्यानंच वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. डीएडला हे पाठ केलं होतं, समोर घडताना आता बघितलं.

क्रमवारीबद्दल फार लिहीत नाही. आमच्या वर्गातल्या पहिल्याचा नंबर राज्यात चार हजारांच्या पुढं. तळाच्या पोरांनी तिसऱ्याच आठवड्यात ते पान उघडणं सोडलं. मी फळ्यावर पाच-पाच जणांचे गट केले, दर सोमवारी पाटी कोरी. तेवढ्यानं सहाजण परत आले.

टिकलं काय? प्रत्येक धड्याखालची हिरवी पट्टी, "आणखी 2 उदाहरणं" म्हणणारी. आणि एक निरोप. आमच्या एका मुलीनं दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाला त्रिकोणाच्या कोनांचं उदाहरण चित्र काढून समजावलं, तिकडून आलं, "समजलं ताई, थँक्यू". आठवडाभर ती तो निरोप ज्याला त्याला दाखवत होती. त्याचे तिला 25 गुण मिळाले होते, ते तिच्या ध्यानातही नव्हते.

दिवाळी झाली आणि आमच्या गावाचं जे होतं ते झालं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं ऊसतोडीला निघाली. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहिली, पाचजण आईबापाबरोबर फडावर गेले, त्यात ही ताईसुद्धा. 58 दिवसांची तिची साखळी पहिल्याच आठवड्यात तुटली. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, वीज नाही, फोन चार्ज व्हायचा तो मुकादमाच्या ट्रॅक्टरवर.

आपल्याकडं लंगडी असो की लगोरी, बुटाची नाडी सुटली तरी "टॅम्प्लीज" म्हणता येतं. धाकटं भावंड आलं तर ते कच्चं लिंबू, त्याच्यावर राज्य येत नाही. गावातल्या पोरांना जे न शिकवता सुचतं ते या साइटला सुचलेलं नाही. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो ॲपात निदान स्ट्रीक फ्रीझ आहे, एखादा दिवस हुकला तरी साखळी राहते. मी कंपनीला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा एकच ठरावीक उत्तर आलं, खाली पाच तारे द्यायची विनंती. मी तीन देतोय, त्यातला एक एकट्या हिरव्या पट्टीसाठी.

जानेवारीत एका रात्री तिचा फोन आला. "सर, उघडलं. शून्य दाखवायलंय. माही सगळी उदाहरणं गेली का?" गेली नव्हती. डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर बोट ठेव, मग खाली जा, असं सांगत बसलो. मधे दोनदा रेंज गेली. तिसऱ्यांदा लागला तेव्हा ती मोजत होती. 143.