पिठलं-भाकरी आणि ६१७४

नाशिकमधल्या गणित शिक्षकांच्या मासिक जेवणाला परवा पहिल्यांदाच गेले. व्याख्यानाचा विषय होता देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. त्यांनी शोधलेली गंमत अशी: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करत राहा. ताटाशेजारच्या कागदी रुमालावर मी ३५२४ घेतली. ३०८७, ८३५२, ६१७४! पुढे कितीही करा, ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्या. शेजारचे निवृत्त सर म्हणाले, "बाई, आता तीन अंकी घेऊन बघा." ४९५ येईपर्यंत पिठलं गार झालं होतं. व्याख्यान जेवणाआधी ठेवावं, आणि फळा जरा उंच. मागच्यांना दिसत नव्हता. तरी २५० रुपये पुरेपूर वसूल. सोमवारी सातवीला हेच देणार आहे.