लोकप्रशासनाचं एम.ए. आणि आमच्या ग्रामपंचायतीचा नमुना 1: दहा महिन्यांचा अनुभव

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. अंदाजपत्रकाच्या, म्हणजे नमुना 1 च्या, बैठकीत सही कुठे करायची, एवढंच मला सांगितलं जायचं. ते मनाला लागलं, म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये दूरशिक्षणातून लोकप्रशासनाच्या एम.ए.ला नाव घातलं. आता पहिलं वर्ष संपत आलंय. कुणी प्रवेश घ्यायचा विचार करत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते.

आधी तक्रार. पुस्तकं हाती आली डिसेंबरात. आली तीही जुनी. अर्थसंकल्पाच्या घटकात रेल्वेचा अर्थसंकल्प अजून वेगळाच मांडला जातो आणि खर्चाचे योजना-योजनेतर असे दोन भाग पाडलेत. या दोन्ही गोष्टी 2017-18 पासून बंद झाल्या. परीक्षेत काय लिहायचं, असं अभ्यासकेंद्रावर विचारलं तर म्हणाले, पुस्तकात आहे तेच लिहा. हे मला अजिबात पटलेलं नाही. मराठवाड्याच्या विकासात राहिलेल्या अनुशेषावर आणि तो मोजणाऱ्या 1984 च्या दांडेकर समितीवर अर्धं पान आहे. इथल्या विद्यार्थ्यांना त्यावर आख्खा घटक हवा होता.

पण पुस्तकाविना गेलेल्या त्या महिन्यांतच मी सगळ्यात जास्त शिकले. ऑगस्टमध्ये आमच्या वॉर्डातल्या गल्लीत एवढा चिखल होता की लेकरं चपला हातात घेऊन शाळेत जायची. खात्यावर पैसे शिल्लक दिसत होते. भाऊसाहेबांना विचारलं (ग्रामसेवकाचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून भाऊसाहेबच), "पैसे आहेत तर सिमेंट रस्ता का होत नाही?" ते म्हणाले, "ताई, पैसे आहेत, पण बंधितचे आहेत."

तो शब्द घरी येऊन वहीत लिहिला आणि त्याच्या मागे लागले. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायची असते. त्यातली निम्मी स्वच्छतेला, निम्मी पिण्याच्या पाण्याला, पाऊसपाणी साठवण आणि पुनर्वापर धरून. उरलेले 40 टक्के अबंधित. ते गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतात, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. म्हणजे समजा वर्षाला 10 लाख आले, तर 3 लाख स्वच्छता, 3 लाख पाणी आणि रस्ता, शाळा, अंगणवाडी, दिवे सगळं मिळून 4 लाख. आमचे अबंधितचे पैसे अंगणवाडीच्या दुरुस्तीला आधीच लागले होते. कामांचा तो वर्षाचा आराखडा ज्या ग्रामसभेत मंजूर झाला, तिला आमच्या गल्लीतलं कुणी नव्हतं. मी होते, पण सही करून घरी आले होते. अंगणवाडीचं काम चुकीचं होतं असं नाही. निवड झाली आणि ती माझ्यासमोर झाली, हे मला कळलंच नव्हतं.

पुढे पुस्तकं आली तेव्हा त्यात अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांचा 1940 सालचा प्रश्न भेटला: पैसा या कामाला द्यायचा, त्या कामाला नाही, हे ठरवायचं कशाच्या आधारावर? नुसतं पुस्तक वाचलं असतं तर पाच मार्कांची टीप म्हणून पाठ केलं असतं. मला मात्र अंगणवाडी आणि चिखल समोर दिसत होता. 1937 च्या पोस्डकॉर्बचंही (POSDCORB, प्रशासनाच्या कामांची इंग्रजी आद्याक्षरं) तसंच. शेवटचं अक्षर अर्थसंकल्पाचं, नियोजनाचं पहिलं. आमच्याकडे या दोन अक्षरांमध्ये एक ग्रामसभा बसते आणि तिला माणसं येत नाहीत.

आठवडाभर पाऊस नसतानाही गल्ली ओलीच होती. मग लक्षात आलं, चिखल पावसाचा कमी आणि धुण्या-भांड्याच्या पाण्याचा जास्त आहे. सांडपाण्याचं काम स्वच्छतेत बसतं, म्हणजे बंधितमधून होतं! ऑक्टोबरपासून आराखड्याच्या ग्रामसभा सुरू झाल्या, तेव्हा गल्लीतल्या अकरा बायकांना घेऊन गेले आणि सिमेंट रस्ता मागायच्या ऐवजी बंदिस्त नाली आणि शोषखड्डे मागितले. ठरावात नोंद झाली. ई-ग्रामस्वराजवर आमच्या आराखड्यात ते काम आता दिसतं. हे पोर्टल कुणालाही मोबाईलवर उघडता येतं. अभ्यासाला बसलात की आधी आपलं गाव त्यात शोधा.

दुसरं पाठ्यपुस्तक म्हणजे ग्रामपंचायतीचं दप्तर, त्यातल्या नोंदवह्या. नमुना 1 अंदाजपत्रकाचा, 5 रोकडवहीचा, 8 कर आकारणीचा, 9 मागणीचा, 10 पावतीचा. भाऊसाहेबांनी एका दुपारी नमुना 9 उघडून दिला. माझ्या घराच्या नोंदीची ओळ बोटानं वाचत गेले: घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी, आणि आधी मागची थकबाकी. आमचीच थकबाकी होती. दुसऱ्या दिवशी भरली आणि नमुना 10 ची पावती वहीत चिकटवली. स्वतःच्या उत्पन्नातून ग्रामपंचायतीला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वसुलीच झाली नाही तर बायकांचे हे दहा टक्के कशाचे? बचत गटात मी हे सांगितलं तेव्हा घरपट्टीवर पहिल्यांदा नीट बोलणं झालं.

अभ्यासक्रम घ्यावा का? स्पर्धा परीक्षेसाठी मुद्दे हवे असतील तर हा मार्ग लांबचा आहे. सदस्य, सरपंच, बचत गटात हिशोब बघणाऱ्या बायका यांनी जरूर घ्यावा, पण गावाचं अंदाजपत्रक शेजारी ठेवूनच. सदस्य नसाल तर 2005 च्या माहिती अधिकारात नक्कल मागा.

जूनमध्ये परभणीला पेपर आहेत. नालीच्या मापासाठी अभियंता आले होते तेव्हा टेपचं एक टोक मी धरलं होतं. शेवटच्या तीन घरांपाशी उतार उलटा निघाला, म्हणून तिथे शोषखड्डा वाढवून घेतलाय.