‘पंचवीस-पंधरा’च्या नावाखाली गावाचे 1,65,000 रुपये गेले, तुम्ही सावध व्हा

पंचवीस-पंधराचा निधी काय असतो हे मराठवाड्यातल्या कुठल्याच गावाला सांगावं लागत नाही. ग्रामविकास विभागाचा निधी, लेखाशीर्ष म्हणजे सरकारी खर्चाचा खाते क्रमांक 2515 1238, त्यावरून हे नाव. लोकप्रतिनिधीनं पत्र द्यायचं आणि गावात सिमेंट रस्ता, सभामंडप, स्मशानभूमीचं शेड व्हायचं. त्याच निधीच्या नावानं आमच्या गावाचे 1,65,000 रुपये एकानं नेले. परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या सरपंच-सदस्यांनी तरी हे पूर्ण वाचा, कारण तो माणूस अजून मोकळा फिरतोय.

2024 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडं जी अतिवृष्टी झाली, त्यात स्मशानभूमीच्या वाटेवरचा आमचा नळकांडी पूल वाहून गेला. पंचनामा झाला आणि कागद तिथंच थांबला. त्यानंतर गावातलं एक मयत कमरेइतक्या पाण्यातून न्यावं लागलं. डिसेंबरात हा माणूस आला आणि म्हणाला, “एकवेळचा विशेष निधी आहे, मार्चच्या आत उचलला नाही तर दुसऱ्या गावाला जाईल.” आज आम्हाला अडाणी म्हणणाऱ्यांनी सांगावं, त्यांनी त्याला दारातून परत पाठवलं असतं का?

तो भामटा वाटतच नव्हता. अंदाजपत्रक, प्रमा म्हणजे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, सगळं तोंडपाठ. नाल्यावर जाऊन टेपनं माप घेतलं, फोटो काढले. मोबाईलमध्ये शासन निर्णय दाखवला. यादीत आमच्या गावाचं नाव, पुढं 24,50,000 रुपये, खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. दहा टक्के लोकवाटा, त्यातला निम्मा आधी भरायचा म्हणाला. पाणीपुरवठ्याच्या योजनेला गावानं लोकवाटा भरलेला आहे, त्यामुळं कुणाला ते खटकलं नाही. पण पंचवीस-पंधराला गावाकडून एक रुपयाही लागत नाही. हे आम्हाला तेव्हा एकाही कार्यालयातल्या माणसानं नीट सांगितलं नव्हतं.

1,22,500 रुपये यूपीआयनं गेले. एका दिवसात लाखाच्या वर जात नाहीत म्हणून आधी 1,00,000 आणि दुसऱ्या दिवशी 22,500. मग तांत्रिक मान्यतेची फी म्हणून 18,000. मग कामगार कल्याण उपकर, 1 टक्का, 24,500. हा उपकर खराच असतो, पण तो ठेकेदाराच्या बिलातून कापतात, गावाकडून आगाऊ कोण घेतं? खातं एका व्यक्तीचं बचत खातं होतं. शासनाचा पैसा कुणाच्या बचत खात्यातून फिरत नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. यातले 30,000 बायकांच्या बचत गटाचे होते. बाकीचे लोकांनी सोयाबीन विकून दिले, क्विंटलला 4,892 हमीभाव असताना आडतीवर चार हजाराच्या आसपास दिलेलं सोयाबीन. वर्गणी मी गोळा केली, म्हणून आता बोट माझ्याकडं दाखवतात. मी त्यातला चहासुद्धा प्यालेलो नाही.

ती एक संध्याकाळ डोक्यातून जात नाही. ग्रामपंचायतीत तो कागद हातोहात फिरत होता. तारीख होती 11 नोव्हेंबर 2024. आमचे निवृत्त गुरुजी म्हणाले, “अहो, आचारसंहितेत निर्णय निघाला कसा?” बिनचूक प्रश्न होता. विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, मतदान 20 नोव्हेंबरला, मधल्या काळात नव्या कामाला मंजुरी देताच येत नाही. तो जराही चाचरला नाही. “मंजुरी आधीची आहे गुरुजी, कागद उशिरा चढला.” आचारसंहितेच्या तोंडावर निर्णयांचा पाऊस पडला होता हे सगळ्यांनी पेपरात वाचलेलं, त्यामुळं ते पटलं. गुरुजी गप्प बसले. तिथंच तो कागद धरून ठेवायला पाहिजे होता! शेवटच्या परिच्छेदातला सांकेतांक, म्हणजे त्या निर्णयाचा ओळख क्रमांक, वाचला असता तरी भागलं असतं. त्याचे पहिले आठ आकडे तारीख असते, साल, महिना, दिवस. आमच्या कागदावर तारीख 2024 ची आणि सांकेतांक 2023 नं सुरू होणारा. जुन्या निर्णयावर आमच्या गावाचं नाव चिकटवलेलं होतं. कुणी असा कागद आणला तर शासन निर्णयांच्या सरकारी संकेतस्थळावर तो सांकेतांक टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

उरलेले 1,22,500 मागायला लागला तेव्हा आम्ही बांधकाम उपविभागात गेलो. असं कामच मंजूर नाही, म्हणाले.

आणि मग पोलीस. “पैसे तुम्हीच दिले ना? मग हा देवाणघेवाणीचा मामला आहे, दिवाणीत जा.” बनावट शासन निर्णय दाखवून पैसे घेतलेत, हा दिवाणी मामला कसा? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4) मग कशासाठी आहे? यूपीआय म्हटल्यावर सायबरकडं ढकललं. सायबरवाले म्हणे मूळ ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणे साहेब बंदोबस्ताला गेलेत. बँक म्हणे पोलिसांचं पत्र आल्याशिवाय खात्याची माहिती देता येत नाही. पंचायत समितीत तर एकानं तोंडावर सांगितलं, “आमचा काय संबंध?” अरे, तुमच्याच विभागाचं नाव आणि मुद्रा त्या कागदावर आहे! पूल वाहून गेला तेव्हा यायला वेळ नव्हता, गाव लुटलं गेलं तेव्हाही नाही. तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, तो हक्क कायद्यानं दिलेला आहे. आम्ही दिलाय, उत्तराची वाट बघतोय. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पैसे गेल्या गेल्या करा. आम्ही केला तोवर खातं रिकामं झालं होतं.

सगळ्यात जास्त झोप उडाली आहे ती कोऱ्या लेटरहेडमुळं. ‘ठरावासाठी’ म्हणून त्यानं ग्रामपंचायतीची सही-शिक्क्याची दोन कोरी पानं नेली. त्यावर तो काय लिहील सांगता येत नाही. कोरं लेटरहेड कुणालाही देऊ नका, आमदाराचा माणूस म्हणून आला तरी.

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका सदस्यानं मला तोच कागद पाठवला. गावाचं नाव बदललेलं, तारीख बदललेली, सांकेतांक मात्र तोच आणि रक्कमही तीच, 24,50,000. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. तुमच्याकडं हा आकडा घेऊन कुणी आलं तर त्याला बसवून ठेवा, 112 ला फोन लावा आणि आम्हाला कळवा. आम्ही अख्खं गाव साक्ष द्यायला येऊ.