पोर्टेबल केबिनमधील स्टाफ निवासाची हवा: तपासणी व दुरुस्ती सेवेविषयी अभिप्राय

कोकणातील महामार्गाच्या कामावर अभियंते, सर्व्हेअर आणि स्टोअरचे कर्मचारी यांच्या निवासासाठी आमच्या कंपनीने उन्हाळ्यात पफ पॅनलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यांच्या) नव्या पोर्टेबल केबिन उभ्या केल्या. लोक राहायला आले तशा तक्रारी सुरू झाल्या: दुपारी डोळे चुरचुरतात, सकाळी डोके जड असते, कपाट उघडले की उग्र वास नाकात जातो. साइटचे प्रशासन पाहणारा म्हणून हवेची तपासणी आणि दुरुस्ती अशी एकत्र सेवा देणाऱ्या एका छोट्या फर्मला मी काम दिले. फर्मचे नाव येथे देत नाही, कारण तिच्यात आढळलेल्या उणिवा या धंद्यात सर्रास दिसतात आणि एकट्या तिच्याच माथी त्या मारणे योग्य होणार नाही.

तपासणीचा भाग उत्तम होता. आलेल्या तंत्रज्ञाने आल्या आल्या मीटर लावले नाहीत. आधी त्याने बंक बेडच्या फळीखाली आणि कपाटाच्या मागे टॉर्च मारून पाहिले. समोरून गुळगुळीत दिसणारा प्रीलॅम बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली, वर पातळ थर चिकटवलेली फळी) मागून आणि कापलेल्या कडांवर उघडाच होता, आणि अशा बोर्डातील भुसा ज्या डिंकाने धरलेला असतो त्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू दीर्घकाळ बाहेर पडत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. नवे फर्निचर, तापलेले छत आणि बंद खिडक्या असा तिहेरी योग आमच्याकडे जुळून आला होता. कतरिना वादळानंतर अमेरिकेत बेघरांना दिलेल्या ट्रेलरमध्ये नेमके हेच घडले होते. तेथील सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2007 च्या डिसेंबरपासून 2008 च्या जानेवारीपर्यंत 519 ट्रेलर तपासले, तेव्हा सरासरी प्रमाण अब्जात 77 भाग निघाले, आणि तेही हिवाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेची अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे अब्जात साधारण 80 भाग आहे.

हा वायू मोजण्यासाठी त्यांनी पंपाने नळीतून हवा ओढून ती नळी प्रयोगशाळेत पाठवली, हे विशेष नमूद करावेसे वाटते. ऑनलाइन मिळणारी स्वस्त मीटरे हँड सॅनिटायझर किंवा डिओडरंट यांच्या वासानेही आकडा चढवतात. कार्बन डायऑक्साइडच्या मीटरचीही तीच गत आहे: इन्फ्रारेड पद्धतीने प्रत्यक्ष वायू मोजणारे मीटर वेगळे आणि इतर वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवणारे वेगळे. सेवा घेणाऱ्याने हे दोन प्रश्न आधीच विचारावेत.

रात्रभर ठेवलेल्या इन्फ्रारेड मीटरने सकाळच्या डोकेदुखीचा बराचसा उलगडा केला. वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा केबिनमध्ये चार माणसे झोपली आणि दारे-खिडक्या घट्ट बंद असल्या, तर कार्बन डायऑक्साइड तासाला सुमारे हजार पीपीएमने (हवेच्या दशलक्ष भागांत हजार भागांनी) वाढतो. बाहेरच्या हवेत तो 420 च्या आसपास असतो आणि खोलीत 1000 च्या आत असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. एसी चालू असल्याने हवा खेळती राहते, ही समजूत कर्मचाऱ्यांमध्ये पक्की होती. प्रत्यक्षात स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, बाहेरची हवा आत आणत नाही.

दुरुस्ती मात्र अर्धवट होती. प्रत्येक केबिनला सहा इंची एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या भिंतीत खाली हवा आत येण्यासाठी झडपांची खिडकी, ही योजना बरोबर होती. आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. पण त्या खिडकीला मच्छरांची जाळी बसवली नव्हती. पहिल्याच आठवड्यात बहुतेक खिडक्यांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले दिसले, आणि शिवाय मच्छर अगरबत्ती जळू लागली, म्हणजे आधी नसलेला बारीक धूर आम्ही स्वतःच आत आणला. जाळी आम्ही नंतर आमच्या सुताराकडून बसवून घेतली. ती धुळीने तुंबते, म्हणून दर पंधरवड्याला ब्रशने साफ करण्याचे काम हाउसकीपिंगच्या यादीत घातले. बोर्डाच्या उघड्या कडांना पट्टी आणि पाठीला लॅकरचा हात देण्याचे काम फर्मने चोख केले. वास त्यानंतर लक्षणीय कमी झाला.

या पॅकेजमधील सर्वांत खर्चिक वस्तू म्हणजे एअर प्युरिफायर, आणि ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील हेपा फिल्टर धूळ आणि धूर चांगला अडवतो, पण कार्बन डायऑक्साइड त्याला अडवता येत नाही, आणि फॉर्मल्डिहाइडसाठी दिलेला कोळशाचा पातळ थर लवकरच निकामी होतो. ओझोन सोडून खोली ‘शुद्ध’ करण्याचा प्रस्ताव तर आम्ही तिथल्या तिथे फेटाळला. ओझोन स्वतःच फुप्फुसांना अपायकारक आहे.

याउलट, ज्याचे बिलच आले नाही तो सल्ला सर्वांत मोलाचा ठरला. डीजी सेटचा (डिझेल जनरेटरचा) धुराडा शेवटच्या केबिनच्या नव्या एक्झॉस्टमुळे आत खेचल्या जाणाऱ्या हवेच्या वाटेतच होता. त्याच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येणे कठीण होते. तंत्रज्ञाच्या सांगण्यावरून आम्ही जनरेटर अशा बाजूला हलवला की वारा धूर केबिनपासून दूर नेईल, आणि जवळच्या दोन केबिनमध्ये या वायूचे अलार्म लावले.

पावसाळ्याबाबत मात्र फर्मचा अहवाल कोकणासाठी लिहिलेला वाटला नाही. पंखा सतत चालू ठेवा, एवढेच त्यात होते. जुलैमध्ये बाहेरची हवाच ओलीचिंब असते. ती अखंड आत घेतली की एसीने गार झालेल्या भिंतीच्या लोखंडी सांगाड्यावर पाणी सुटते आणि भिंतीला टेकलेल्या गादीच्या मागे काळी बुरशी धरते. आम्ही बंक बेड भिंतीपासून हातभर पुढे ओढले, एसी ड्राय मोडवर ठेवला आणि पंख्याला टायमर लावून झोपेच्या वेळेपुरताच तो चालवला. बुरशी पूर्ण गेली नाही, पण कुबट वास आटोक्यात आला.

तपासणी आणि बोर्डाचे काम यांसाठी ही सेवा घ्यावी. पंखे स्थानिक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतले तर स्वस्त पडतात. पावसाळ्यानंतरच्या फेरतपासणीचे पैसे आमच्याकडून वेगळे आकारले गेले, म्हणून करारात ती सुरुवातीलाच लिहून घ्यावी आणि शेवटचा हप्ता तिच्या अहवालानंतरच द्यावा.