एनएचएसचं आतड्याच्या कॅन्सरचं घरी करायचं टेस्ट किट : आम्ही दोघांनी वापरलं, त्याबद्दल सविस्तर

इंग्लंडमध्ये पन्नाशी झाली आणि जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवलेलं असलं की एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, घरी आपोआप एक किट येतं, आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं, आणि मग ७४ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी येत राहतं, एक पेनी द्यावी लागत नाही. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर डेंटिस्ट कुठला चांगला, बॉयलर कुणाकडून दुरुस्त करून घ्यावा, सगळं विचारलं जातं पण या किटबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्याकडे मिस्टरांचंही आलं आणि माझंही, दोघांनी केलं, म्हणून लिहितेय.

वापरायला अगदी सोपं आहे. एक छोटी बाटली, तिच्या झाकणालाच आतून काडी जोडलेली. शी कमोडमधल्या पाण्यात पडायच्या आधी कशात तरी धरायची, आम्ही श्रीखंडाचे रिकामे डबे वापरले, मग काडीचं टोक त्यावरून फिरवायचं, थोडंसंच लागतं, काडी परत बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि नंतर उघडायचं नाही. बाटलीवर तारीख लिहायची (हे विसरू नका), सोबतच्या पाकिटात घालून पोस्टात टाकायची, तिकीट लावावं लागत नाही. किळस येईल असं वाटत होतं पण लहान मुलांचे लंगोट बदललेत त्यांना यात काहीच नाही.

मिस्टर आधी म्हणाले मला काही त्रास नाही, कशाला ते. मी म्हटलं अहो त्रास नसलेल्यांसाठीच आहे हे. आणि खरंच ही गोष्ट पत्रकात छान समजावलीय, की आतड्याच्या आतल्या अस्तरावर पॉलिप म्हणजे छोट्या गाठी येतात, बहुतेक निरुपद्रवी राहतात पण काहींचा हळूहळू, बऱ्याचदा दहाएक वर्षांत, कॅन्सर होतो, आणि या काळात त्यातून डोळ्याला दिसणार नाही इतकं रक्त शीमध्ये जाऊ शकतं. तेच ही टेस्ट शोधते. पहिल्या स्टेजला कॅन्सर सापडला तर पाच वर्षांनंतर दहातले नऊ जण तरी जगलेले असतात, चौथ्या स्टेजला दहातला एखादाच. हे वाचल्यावर मिस्टर गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी बाटली पोस्टात गेली.

२००६ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हाची टेस्ट वेगळी होती, तीन वेगवेगळ्या वेळचे नमुने कार्डावर लावायचे, लोक तिथेच कंटाळायचे. त्या जुन्या टेस्टमध्ये मटण वगैरे खाल्लं तर त्यातल्या रक्तानेही गडबड व्हायची. २०१९ पासून फिट नावाची टेस्ट आली, ती फक्त माणसाचंच हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे पथ्य नाही, शिवाय एकच नमुना पुरतो. तेव्हा साठीपासून पाठवायचे, २०२१ पासून वय हळूहळू खाली आणत पन्नासवर आणलं.

आता मुख्य मुद्दा. आमचा रिझल्ट आला, सध्या पुढच्या तपासणीची गरज नाही, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना हेच पत्र येतं. उरलेल्या दोघांना कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतडं आतून बघण्यासाठी, बोलावतात आणि त्यातही बहुतेकांना कॅन्सर नसतो. पण गरज नाही याचा अर्थ तुम्हाला काहीच नाही असा होत नाही, रक्ताचं प्रमाण ठरवलेल्या रेषेच्या खाली आहे एवढाच होतो, आणि ही रेषा सगळीकडे सारखी नाही हे मला स्वतः शोधल्यावर कळलं. इंग्लंडने स्क्रीनिंगमध्ये (लक्षणं नसलेल्यांच्या या सरसकट तपासणीत) फिट आणली तेव्हा रेषा धरली शीच्या प्रत्येक ग्रॅममागे १२० मायक्रोग्रॅम, स्कॉटलंडने धरली ८०. आणि पोट बिघडतंय, रक्त पडतंय म्हणून तुम्ही जीपीकडे गेलात तर तो जी फिट करायला देतो तिच्यासाठी नाइस या, तपासण्या-उपचारांबद्दल डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये सांगितलेली रेषा आहे फक्त १०! टेस्ट तीच पण प्रश्न वेगळा. स्क्रीनिंगमध्ये लाखो धडधाकट लोक असतात, सगळ्यांची कोलोनोस्कोपी करायला तेवढे डॉक्टर नाहीत, म्हणून रेषा वर.

म्हणजे समजा तुमचा आकडा ६० आला, घरी पत्र येणार की गरज नाही, आणि तोच ६० लक्षणं असलेल्या माणसाचा जीपीने मागवलेल्या टेस्टमध्ये आला तर त्याला तातडीने पुढे पाठवणार. म्हणून रक्त दिसत असेल, संडासची सवय बदलून तीन आठवडे झाले असतील, उगाच वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन का कमी आहे ते कळत नसेल तर ते पत्र बाजूला ठेवा आणि जीपीला फोन करा. पत्रकात लक्षणं दिलीयत पण मला विचाराल तर ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजेत. आणि डॉक्टरांनीही हे पक्कं लक्षात ठेवायला पाहिजे, नाइसने तर स्पष्ट म्हटलंय की फिट निगेटिव्ह आली तरी डॉक्टरला काळजी वाटत असेल तर पेशंटला सोडून द्यायचं नाही.

हे मी एवढं पोटतिडकीने लिहितेय कारण माझा मावसभाऊ. तिकडे आपल्या गावी, वय चाळीसच्या आसपास, रक्त पडायचं, एका डॉक्टरने बोटाने तपासणी न करताच मूळव्याध म्हणून मलम आणि इसबगोल दिलं, कित्येक महिने तेच चालू. शेवटी दुसऱ्या डॉक्टरने तपासलं तर गुदाशयात गाठ हाताला लागली. केमो, रेडिएशन, ऑपरेशन, पोटावर पिशवी, सगळं झालं, आता बरा आहे. मूळव्याध असतेच बऱ्याच जणांना, पण ती आहे म्हणून कॅन्सर नाही असं कसं म्हणणार? भारतात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं सरकारी स्क्रीनिंग आहे, आतड्याचं राष्ट्रीय पातळीवर नाही. आपल्याकडे लाखामागे पेशंट इंग्लंडपेक्षा कमी आहेत हे खरंय, पण टाटा मेमोरियलमध्ये येणाऱ्या पेशंटचं सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे, म्हणजे चाळिशीतल्या माणसाला तुझं वय नाही असं म्हणून घरी पाठवायची सोय नाही.

इथेही वयाचा हाच प्रश्न होता. डेबोरा जेम्स या इथल्या पॉडकास्ट करणाऱ्या बाईला २०१६ मध्ये आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा ती ३५ वर्षांची होती, किट तिला कुठून येणार. टीव्हीवर, पॉडकास्टवर ती शीबद्दल इतकं मोकळं बोलली की लोक आपापलं तपासायला लागले, २०२२ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. त्यानंतर इथल्या काही दुकानांनी टॉयलेट पेपरच्या वेष्टणावर लक्षणं छापायला सुरुवात केली, मला ही फार चांगली कल्पना वाटते, माणूस जिथे बघायला पाहिजे तिथेच वाचतो.

किटला पाचपैकी पाच, पत्रकाला चार. ७५ च्या पुढच्यांना किट आपोआप येत नाही पण या तपासणीच्या हेल्पलाइनला फोन केला तर दर दोन वर्षांनी पाठवतात. माझ्या सासूबाई ७६ च्या आहेत, त्यांच्यासाठी मीच फोन केला, नाव, जन्मतारीख आणि पत्ता एवढंच विचारलं.