वाळूच्या गोण्या: एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकच्या सराफ बाजाराकडून गोदाकाठाकडे उतरणाऱ्या भागात आमचे दुकान आहे. येथे पाणी शिरायला गोदावरीला पूर यावाच लागतो असे नाही. एखादी जोरदार सर तासभर टिकली की दहीपुलाकडून वाहत येणारे पाणी आणि तुंबलेला सरस्वती नाला मिळून उंबऱ्याशी येतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढणार असेल तर निदान आगाऊ सूचना मिळते, आणि नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले ते पाहून माल वरच्या फळ्यांवर हलवता येतो. नाल्याचे पाणी अशी सवलत देत नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर या बाजारपेठेच्या चांगलेच लक्षात आहेत. तरीही दरवर्षीचा त्रास त्या मोठ्या पुरांपेक्षा या लहान लोंढ्यांचाच अधिक असतो, आणि वाळूच्या गोण्यांचा उपयोगही अशाच पाण्यासाठी आहे.

पावसाळ्यापूर्वी मी तीन प्रकारच्या गोण्या भरून घेतल्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या स्वस्त आणि बांधकामावर सहज मिळणाऱ्या. परंतु त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागामुळे एकीवर दुसरी ठेवली की ती घसरते, आणि गच्चीवर उन्हात राहिलेल्यांचे धागे दिवाळीपर्यंत इतके ठिसूळ झाले की उचलताना कोपरा हातात येऊ लागला. तागाचे बारदान या बाबतीत कितीतरी सरस आहे, कारण ते ओले झाल्यावर जमिनीला आणि शेजारच्या गोणीला घट्ट धरते. मात्र सतत ओल राहिली की ते कुजते, म्हणून प्रत्येक पावसानंतर उघडीप मिळताच वाळवावे लागते, आणि श्रावणात उघडीप मागून मिळत नाही. तिसरी म्हणजे उन्हाचा मारा सोसण्यासाठी प्रक्रिया केलेली, विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची नवी गोणी. तिची किंमत बरीच जास्त आहे, पण हंगाम संपल्यावर पुन्हा वापरण्याजोग्या उरल्या त्या मुख्यतः याच. केवळ चार-आठ दिवसांची गरज असेल तर मात्र हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

आत काय भरायचे यावर दुकानदारांमध्ये मतभेद आहेत. नदीची वाळू महाग आहे आणि या कामासाठी ती लागतही नाही. आपल्याकडे बेसॉल्ट फोडून तयार होणारी क्रश सँड पुरेशी आहे. फक्त ती बारीक असावी, कारण भरड कच भरल्यास पाणी गोणीतूनच झिरपत येते. मुरमातले टोकदार खडे वीण कातरतात. काळी माती फुकट मिळते, पण ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि विणीतून चिखल बाहेर येऊन दुकानाची फरशी खराब करतो. बारीक क्रश सँडमध्ये थोडी चाळलेली माती मिसळली तेव्हा गोणीने आकार उत्तम धरला आणि झिरपणेही कमी झाले.

खरी मेख भरण्यात आहे. मजुरांना गोणी गच्च भरण्याची सवय असते, कारण धान्याची पोती तशीच भरतात. गच्च भरलेली वाळूची गोणी लोडासारखी गोल होते, दोन गोण्यांमध्ये फट राहते आणि पाणी नेमके तेथून येते. गोणी निम्मी, फार तर दोन तृतीयांश भरावी. सुमारे १४ इंच रुंद आणि २६ इंच लांब गोणी अशी भरली की तिचे वजन १५ ते २० किलोच्या आसपास राहते आणि एका माणसाला ती कंबर न दुखवता उचलता येते. तोंड दाभणाने शिवले किंवा सुतळीने बांधले तर ते वरच्या बाजूला, ऐसपैस बांधावे, म्हणजे वाळूला आत पसरायला जागा उरते. जागेवरच भरायची असेल तर बांधण्याचीही गरज नाही. तोंड गोणीखाली दुमडून ठेवले की वरचे वजन ते दाबून धरते.

रचताना विटांसारखे सांधे मोडावेत, म्हणजे वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या जोडावर यावी, आणि प्रत्येक थर पायाने तुडवून चपटा करावा. पाण्याच्या बाजूला जाड मेणकापड अंथरून त्याची कड सर्वांत खालच्या थराखाली घेतल्यावर जो फरक पडला, तो दोन थर वाढवूनही पडला नसता. उघड्यावर बांध घालायचा असेल तर पायाची रुंदी उंचीच्या साधारण तिप्पट धरतात. दुकानाच्या दारात तेवढी जागा नसते, त्यामुळे दीड-दोन फुटांपेक्षा उंच रचण्याच्या फंदात मी पडलो नाही. पाण्यात बुडालेली वाळू उत्प्लावनामुळे आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच भार जमिनीवर टाकते, हे लक्षात घेतले म्हणजे एकेरी उंच भिंत का ढासळते ते समजते.

एवढे करूनही पाणी आत येते, आणि ते बहुधा मागच्या मोरीतून येते. रस्त्यावरचे गटार भरले की दाब उलटा फिरतो आणि दारातला बांध शाबूत असताना फरशीवर पाणी दिसू लागते. मोरीच्या जाळीवर मेणकापडाची घडी आणि तिच्यावर दोन गोण्या, हा उपाय दारातल्या संपूर्ण बांधाइतकाच महत्त्वाचा ठरला. दाराशी जे झिरपले ते पोछा आणि बादलीने आवरण्याइतके होते. गाळ बाहेरच राहिला. भिजलेला माल वाळवता येतो, पण गाळ बसलेला माल विकता येत नाही, म्हणून माझ्या दृष्टीने मुख्य फायदा हाच.

गटाराच्या पाण्यात भिजलेल्या गोण्यांतली वाळू कुंड्यांत, भाजीच्या वाफ्यांत किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी टाकू नये. आम्ही ती महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांना विचारूनच हलवली. स्वच्छ राहिलेल्या गोण्या पावसाळा सरल्यावर दिंडोरी तालुक्यातील आमच्या नातेवाइकांनी नेल्या आणि शेताजवळच्या ओहोळावरील वनराई बंधाऱ्यात, म्हणजे गोण्या रचून घातलेल्या तात्पुरत्या बांधात, मातीने भरून लावल्या. ओढ्याची धार बारीक झाल्यावर घातलेल्या अशा बंधाऱ्यात ताण निराळा असतो: लोंढ्याचा मार नसतो, पण महिनोन्‌महिने ऊन आणि ओल दोन्ही सोसावे लागतात. तेथे सिमेंटच्या गोण्यांचा पाण्याबाहेरचा वरचा थर आधी विरला, तर पाण्याखालचे थर अजून जसेच्या तसे आहेत. त्यामुळे पुढच्या खेपेस वरच्या थरापुरत्या प्रक्रिया केलेल्या गोण्या आणि खाली सिमेंटच्या, अशी वाटणी करण्याचे ठरले आहे.